पडद्यावरचा मुलगा दहाचाच राहतो : एका डबिंग कलाकाराच्या आवाजाचं प्रकरण

कार्टूनमधला दहा वर्षांचा मुलगा बोलतो तेव्हा माईकसमोर बहुतेक वेळा एखादी बाई उभी असते. खऱ्या मुलाचा आवाज बारा-चौदाव्या वर्षी फुटतो. मालिका मात्र पंधरा-वीस वर्षं चालते आणि पडद्यावरचा मुलगा दहाचाच राहतो. अमेरिकेत बार्ट सिम्प्सन या व्रात्य पोराला १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट आवाज देतात. जपानमध्ये ‘ड्रॅगन बॉल’ मालिकेतल्या गोकूचा आवाज १९८६ पासून मासाको नोझावा यांचा आहे आणि त्यांचा जन्म १९३६ चा. नोबुयो ओयामा यांनी १९७९ ते २००५ अशी सव्वीस वर्षं डोरेमॉन बोलता ठेवला. आपल्याकडच्या एका पिढीने तोच डोरेमॉन हिंदीत सोनल कौशल यांच्या आवाजात ऐकला.

हे प्रकरण गोव्यातल्या अशाच एका कलाकाराचं आहे. वय त्रेचाळीस. हिंदी डबिंगमध्ये वीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी मुलग्यांच्या आवाजात. काही वर्षांपूर्वी मुंबई सोडून त्या फोंडा तालुक्यातल्या आपल्या घरी परतल्या आणि तिथूनच रेकॉर्डिंग करतात. आवाज जातोय म्हणून त्या माझ्याकडे आल्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांचं नाव, मालिका आणि स्टुडिओ मुद्दाम वगळले आहेत. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे शिक्षिका येतात, भजनी मंडळातले बुवा येतात, मासळी बाजारात दिवसभर ओरडणाऱ्या बायका येतात, नाटकवाले तर येतातच. डबिंग करणारे क्वचित येतात आणि येतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. हा उशीर का होतो तेही लिहायला हवं.

जत्रेतून बूथमध्ये

ताई वाढल्या त्या गोव्याच्या उत्सवी रंगभूमीवर. देवळासमोर मांडव, पालखी आटोपली की गावातल्याच माणसांचं नाटक, ते पहाटेपर्यंत. पौराणिक नाटक असलं की ध्रुव, प्रल्हाद, रोहिदास अशी पोरं लागायची आणि ती कामं ताईंकडे यायची. तालमी घेणारे काका पेटीवर बसून एकच गोष्ट बजावायचे, शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेलं पाहिजे. दीनानाथ मंगेशकरांचं मंगेशी याच तालुक्यातलं. खुला, फेकलेला आवाज इथल्या नटाला वेगळा शिकवावा लागत नाही, तो आजूबाजूला ऐकूनच अंगात भिनतो. पुढे ताईंनी कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत कामं केली, आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर श्रुतिका केल्या आणि एका रात्री कोकणकन्येत बसून त्या मुंबईला गेल्या.

मुंबईत सुरुवात क्राउडने झाली. शाळेचं मैदान, बाजार, मॅच अशा दृश्यांत मागे गर्दीचा जो गलका ऐकू येतो, तो पाच-सहा जण माईकभोवती उभे राहून करतात. नाव नाही, ठरलेली ओळ नाही. तिथे त्या बरीच वर्षं अडकल्या ते हिंदीमुळे. घरात कोंकणी, शाळेत मराठी. हिंदी वाक्याच्या शेवटी कोंकणी हेल यायचा, ‘ज़’ आणि ‘फ़’ हवे तसे पडायचे नाहीत. त्यांनी ते चिकाटीने सुधारलं. मग शेजारच्या पोराच्या दोन ओळी मिळाल्या, पुढच्या मालिकेत नायकाचा धाकटा भाऊ मिळाला आणि त्यानंतर नायकच मिळाला.

हे काम कसं चालतं ते ठाऊक नसेल तर पुढचं कळायचं नाही. डबिंगला सगळे कलाकार एकत्र बसत नाहीत, प्रत्येक जण एकटा बूथमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज न येणाऱ्या लहानशा खोलीत, जातो. कानात मूळ भाषेतले संवाद, म्हणजे पायलट ट्रॅक, समोर पडद्यावर चित्र आणि पळता टाइमकोड, हातात अनुवादित संवादांचे कागद, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि टॉकबॅकवर डबिंग डायरेक्टर. कार्टूनचं तोंड तसं ढोबळच हलतं, पण ‘प’, ‘ब’, ‘म’ला ओठ मिटलेले दिसतात, तिथे हिंदीतही ओठ मिटणारं अक्षर यावं लागतं. अर्ध्या तासाच्या भागात खरं चित्र बावीस मिनिटांच्या आसपास असतं. एका बैठकीत असे दोन-तीन भाग उरकायचे असतात.

आणि संवादांखेरीज एफर्ट्स असतात. पळताना लागलेली धाप, पडल्यावरचं ‘आऽऽ’, ठोसा, उचकी, खाताना मचमच, घाबरून मारलेली किंकाळी. कार्टूनचा नायक दर मिनिटाला कुठूनतरी पडतो किंवा कोणाच्यातरी मागे धावतो. कागदावर या गोष्टी कंसात एका शब्दात उरकलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचं वजन कळत नाही.

तक्रार

ताई म्हणाल्या, “मॅडम, सकाळी ठीक असतो. पहिला भाग होतो. दुसऱ्यात पोरगा घोगरा होतो आणि तिसऱ्यात तो पोरगा राहतच नाही, त्याचा मामा होतो.” आठेक महिने हे चाललं होतं. आधी आठवड्यातून एकदा, मग दर बैठकीला. सकाळीही घसा मोकळा करून घ्यावा लागायचा. हळू आवाजात उंच बोलणं जवळपास बंद झालं होतं. मोठ्याने बोललं तर यायचं, म्हणून त्या मोठ्याने बोलायच्या.

त्यांनी स्वतःच निदान करून ठेवलं होतं, की वय झालं. चाळिशीनंतर बाईचा आवाज थोडा खाली उतरतो, घसा कोरडा पडू लागतो, हे खरं आहे. पण तो बदल सावकाश होतो आणि दिवसभर सारखाच राहतो. सकाळी चांगला आणि दोन तासांनी खराब, हे वयाचं लक्षण नव्हे. वापराने सूज आली की असं होतं. मी त्यांना नोझावांचं उदाहरण दिलं. २०२४ मध्ये गोकूची नवी मालिका आली तेव्हाही आवाज त्यांचाच होता, वय अठ्ठ्याऐंशीच्या घरात.

घशात काय चाललंय याचा अंदाज यायला एक सोपी पद्धत आहे. मी ताईंना वरच्या सुरात, अगदी हळू, पाळण्यातलं बाळ जागं होऊ नये अशा बेताने अंगाई म्हणायला सांगितली. मोठ्याने गाताना हवेच्या जोराने सुजलेले स्वरतंतूही हलतात, दोष झाकला जातो. हळू गाताना तसं होत नाही. ताईंनी तोंड उघडलं, आधी नुसती हवा आली, क्षणभराने सूर आला, मध्येच तुटला, पुन्हा आला. त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. नाटकात उभं आयुष्य गेलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

दुसरी चाचणी ‘स’ आणि ‘झ’ची. एका श्वासात नुसता ‘सऽऽ’ जेवढा लांबतो, साधारण तेवढाच घुमारेदार ‘झऽऽ’ही लांबायला हवा. ‘स’ला स्वरतंतू लागत नाहीत, ‘झ’ला लागतात. ‘स’ चांगला लांबून ‘झ’ लवकर संपत असेल, प्रमाण १.४ च्या पुढे जात असेल, तर स्वरतंतू नीट मिटत नाहीत असा संशय घ्यायचा. ताईंचं प्रमाण त्याच्या पुढे गेलं.

मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे स्वरतंतूंची हालचाल संथ करून दाखवणारी तपासणी, झाली. दोन्ही स्वरतंतूंवर, समोरासमोर, पुढच्या एक-तृतीयांश भागाच्या सीमेवर मऊ गाठी. तंतू मिटताना मध्येच टेकायचे आणि पुढे-मागे फट राहायची, तिथून हवा निसटायची. स्वरयंत्राची मागची बाजू लाल होती, म्हणजे रात्री आम्लही वर येत होतं. रेकॉर्डिंग संपवून उशिरा जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, ही सवय मुंबईपासूनची. डॉक्टरांचं मत स्पष्ट होतं, शस्त्रक्रिया आत्ता नको, आधी आवाजाची थेरपी. गाठी मऊ असतील तर हाच मार्ग योग्य, कारण मूळ सवय तशीच राहिली तर कापलेली गाठ पुन्हा येते.

खरं कारण

स्वरतंतू एका सेकंदात किती वेळा एकमेकांवर आपटतात यावर सुराची उंची ठरते. ताईंचा रोजच्या बोलण्याचा सूर पेटीवरच्या काळी चारच्या आसपास, म्हणजे २०८ हर्ट्झ. त्यांचा कार्टूनमधला मुलगा बोलायचा वरच्या काळी दोनवर, ३११ हर्ट्झ. म्हणजे दर सेकंदाला शंभरेक टकरा जास्त. एक मिनिट सलग बोललं तर साडेअठरा हजारांच्या वर. तरीही एवढ्याने गाठी येत नाहीत. मुलांचे आवाज काढणाऱ्या कितीतरी बायका जन्मभर धडधाकट राहतात. टक्कर किती जोराची आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

म्हणून मी त्यांची एक बैठक त्यांच्या घरी बसून पाहिली. जुन्या घरातल्या मधल्या खोलीत लाकडी कपाटाच्या मापाचा बूथ, आतून गोधड्या आणि फोम. पंखा बंद. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजून गेला की मगच सुरुवात. पावसाळ्यात तर कौलांवरच्या पावसामुळे आख्खी दुपार फुकट जाते. त्या दिवशीच्या दृश्यात पोरामागे कुत्रा लागतो, पोरगा गटारात पडतो आणि आईला हाका मारतो. हाकेआधी ताईंची हनुवटी वर गेली, खांदे उचलले गेले, मानेची शीर टरारली आणि आवाज सुरू होताना गळ्यात ‘टक्’ असा बारीक ठोका ऐकू आला. टेक झाला. त्या खाकरल्या. पुन्हा टेक. पुन्हा खाकरल्या. माईक तोंडापासून वीतभर लांब होता आणि आवाज मात्र मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकला जात होता.

तिकडे मुंबईत रेकॉर्डिस्ट काय करत होता? त्याने गेन, म्हणजे माईकमधून येणाऱ्या आवाजाची पातळी, खाली घेतला होता. म्हणजे ताईंनी घसा फाडून दिलेला जोर तिथे एका बटणाने काढून टाकला जात होता. प्रेक्षकापर्यंत तो पोचतच नव्हता.

माझं मत तिथे पक्कं झालं. मुलाचा आवाज काढल्याने हे झालं नव्हतं, वयामुळे तर नाहीच. जत्रेच्या नाटकात कमावलेली फेक बूथमध्ये तशीच आली होती आणि तिच्यावर एफर्ट्सचा ढीग पडला होता, तोही संवादांच्या आधी आणि मध्ये. गटारात पडण्याचे तीन टेक देऊन सुजलेल्या तंतूंनी लगेच ‘मम्मी, आज होमवर्क नहीं है’ अशी गोड ओळ म्हणायची. ती येईना, म्हणून आणखी जोर.

खुल्या आवाजाच्या शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. त्या शिक्षणाने ताईंना दमसास दिला, स्पष्ट उच्चार दिले, घाबरल्यावर सुद्धा प्रत्येक अक्षर ऐकू जाण्याची सवय दिली. पण नाटक शिकवताना माईकसमोरचा अभिनयही शिकवला पाहिजे, कारण आपल्याकडची मुलं पुढे रेडिओ, डबिंग, ऑडिओबुक यांतच पोट भरायला जातात. हे मी भेटेल त्या तालीम मास्तरांना सांगत असते.

मुलगा कुठे असतो

ताईंना सगळ्यात मोठी भीती होती ती सूर खाली आणला तर मुलगा जाईल याची. ऐकणाऱ्याला लहान मूल ओळखू येतं ते सुराच्या उंचीवरून, पण तेवढ्यावरूनच नाही. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी मोठ्या पुरुषात साधारण सतरा सेंटिमीटर असते, बाईत त्याहून आखूड, मुलात आणखी आखूड. आखूड नळीत आवाज पातळ आणि चकचकीत होतो. मग ओठ थोडे फाकवून, जीभ पुढे ठेवून, जबडा लहान ठेवून बोललं की सूर फार न चढवताही मूल ऐकू येतं. बाकीचं मूल बोलण्याच्या लयीत असतं. धापा टाकत जोडलेली वाक्यं, भलत्याच शब्दावर दिलेला जोर, शेवटचं अक्षर गिळणं.

आम्ही वरच्या काळी दोनवरून पांढरी एकवर आलो, ३११ वरून २६२ हर्ट्झवर. तीन अर्धस्वर खाली. इथे ताईंचं कोंकणी फार कामी आलं, असं मला वाटतं. ती भाषा बोलणाऱ्याला नाकातला स्वर आणि नुसता पुढे चमकणारा स्वर यांतला फरक चटकन जाणवतो. इतरांना तो समजावताना दमछाक होते.

सुरुवातीचे दोन आठवडे आवाज कमीत कमी वापरायचा. कुजबुजायचं नाही, कुजबुजताना पुष्कळांचा घसा उलट जास्त आवळतो. खाकरायचं नाही, त्याऐवजी पाण्याचा घोट. ताई ज्येष्ठमध आणि खडीसाखर सतत तोंडात ठेवायच्या. त्याने बरं वाटत असेल तर हरकत नाही, पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना लागत नाही. तिथपर्यंत पोचते ती वाफ. जेवण झोपण्याआधी तीन तास.

व्यायाम मुख्यतः स्ट्रॉचा. शहाळ्याची स्ट्रॉ पाण्यात दोन बोटं बुडवून तिच्यातून ‘ऊ’ काढायचा, बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. ओठ जवळजवळ मिटलेले असले की वरून हवेचा दाब परत येतो आणि तंतू न आदळता हलके टेकतात. मग त्याच हलकेपणाने एक शब्द, मग एक ओळ, मग पोराची ओळ. किंकाळीसाठी वेगळी तालीम घेतली. सुरुवातीचा तो ‘टक्’ ठोका काढायचा, ‘ह’ने सुरू करायचं, मान सैल ठेवायची, माईकच्या जवळ जायचं आणि भीती श्वासात दाखवायची. गेन वाढवणं रेकॉर्डिस्टचं काम.

सांगायचं की नाही

थेरपीपेक्षा हे अवघड गेलं. मी म्हटलं, डायरेक्टरशी बोला, एफर्ट्स बैठकीच्या शेवटी घ्या आणि बैठक दोन तासांची करा. ताई गप्प. मग म्हणाल्या, “आवाज बसलाय म्हटलं की परवा दुसरी उभी करतील. पोरांना कळणार सुद्धा नाही.”

ती भीती खोटी नव्हती. डबिंगमध्ये पैसे बहुधा भागागणिक किंवा बैठकीगणिक मिळतात आणि तिथेच हिशेब संपतो. भाग शंभरदा दाखवला तरी कलाकाराला त्यातलं काही येत नाही. आजारपणाची रजा नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, कलाकाराला आपल्या सादरीकरणाशी नाव जोडलं जाण्याचा हक्क काही अपवादांसह मिळाला. पण डब केलेल्या मालिकेत शेवटची श्रेयनामावली बहुतेक वेळा आवाज देणाऱ्यांच्या नावांशिवाय निघून जाते, हे कोणीही टीव्हीसमोर बसून पाहावं. ज्याचं नावच कोणाला माहीत नाही त्याला बदलायला किती वेळ लागतो?

याच्या अगदी उलट उदाहरण मेल ब्लँकचं. बग्ज बनी, डॅफी डक आणि आणखी कितीतरी आवाज त्यांचे. २४ जानेवारी १९६१ ला लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला, ते दोन आठवडे बेशुद्ध होते. ‘फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेतला बार्नी तेव्हा त्यांच्याकडे होता. काही भाग डॉज बटलर यांनी सांभाळले आणि मग अंगभर प्लास्टर असलेल्या ब्लँक यांच्या बिछान्याशी माईक नेऊन रेकॉर्डिंग केलं गेलं. निर्माते त्यांच्यासाठी थांबले. पडद्यावर त्यांचं नाव येत होतं आणि ते नाव लोकांना ठाऊक होतं.

ताईंनी शेवटी डायरेक्टरना फोन केला, माझ्यासमोरच. खरं ते सगळं सांगितलं, डॉक्टरांचा कागद पाठवला. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, “कब तक?” सहा आठवडे, ताई म्हणाल्या. नायकाचे काही भाग दुसऱ्या मुलीकडे गेले, तेवढे पैसे बुडाले. त्या काळात ताईंना त्याच मालिकेतली आजी मिळाली, खालच्या सुरातली, आरामात बोलणारी.

परत मुलगा झाल्या तेव्हा पांढरी एकवरचा आवाज ऐकून डायरेक्टर म्हणाले की पोरगा पहिल्यापेक्षा जास्त खोडकर वाटतो. सूर उतरलेला त्यांच्या लक्षात आला नाही. आता संवाद आधी होतात, एफर्ट्स शेवटी, तेही ठरावीकच. धापा, उचक्या, पडणं असे पूर्वीच्या भागांतले चांगले एफर्ट्स स्टुडिओने काढून ठेवले आहेत, चित्राला बसतील तिथे तेच वापरतात. हे आधीही करता आलं असतं, कोणी मागितलं नव्हतं एवढंच.

तीन महिन्यांनी पुन्हा स्ट्रोबोस्कोपी केली. डाव्या तंतूवरची गाठ गेली होती, उजवीकडे किंचित जाडी होती, फट जवळजवळ मिटली होती. अंगाई आता हळू आवाजातही लगेच लागते, पण थकव्याच्या दिवशी वरचा एक स्वर अजून हवेशीर येतो. त्या दिवशी ताई फक्त आजी करतात. नव्या मालिकेच्या करारात त्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या, एफर्ट्सची मर्यादा आणि श्रेयनामावलीत नाव. पहिली मान्य झाली. दुसरीवर बोलणं चालू आहे आणि त्याच मालिकेतल्या बाकीच्या तिघी कलाकारांनीही आता तीच मागणी लेखी दिली आहे.